मियाटाचे थरथरणारे पॉप-अप हेडलाइट: ढिलाई नेमकी कुठे आहे ते शोधा, मगच पाना लावा

गाडी ऐंशीच्या पुढे गेली की समोरच्या रस्त्यावरचा उजेड कापायला लागतो. खड्ड्यावरून गेलं की दोन्ही दिवे मान हलवतात, आणि समोरून येणाऱ्याला वाटतं आपण डिपर मारतोय. पहिल्या पिढीच्या माझदा मियाटाला हा आजार बहुतेक हमखास होतो. युरोपात हिला एमएक्स-५ म्हणतात, जपानमध्ये ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. १९८९ ते १९९७ या काळात बनलेल्या या गाड्यांतली सर्वांत नवी गाडीही आता पंचविशी ओलांडून गेली आहे. दिवे बॉनेटमधून वर काढणाऱ्या यंत्रणेतले प्लास्टिकचे बुश, म्हणजे सांध्यांतली अस्तरं, मात्र बऱ्याच गाड्यांत कारखान्यातून आले तेच असतात. ही गाडी भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. त्यामुळे हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या दारात ती उभी असेल, ते बहुधा अमेरिका, इंग्लंड किंवा आखातात असतील. तिथे गॅरेजची मजुरी बघता हे काम घरी करणंच परवडतं. लागतो एक रविवार.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. दिवा थरथरतो म्हणून मोटर बदलू नका. मोटर दिवा वर-खाली करते, आणि वर गेलेल्या दिव्याची थरथर क्वचितच तिच्यामुळे असते. नवी मोटर जुन्या झिजलेल्या दांडीला जोडली, तर खिसा हलका होतो आणि दिवा हलतच राहतो.

दिवा वर धरून कोण ठेवतं

प्रत्येक दिव्याला स्वतंत्र मोटर आहे. मोटरच्या शाफ्टवर एक छोटा क्रँक, क्रँकला एक दांडी, आणि दांडीचं दुसरं टोक दिव्याच्या चौकटीला. चौकट दोन बाजूंच्या पिनांवर झुलते. मोटर एकाच दिशेने फिरते: अर्ध्या फेऱ्यात दिवा वर, पुढच्या अर्ध्या फेऱ्यात खाली. दिवा पूर्ण वर असतो तेव्हा क्रँक आणि दांडी जवळजवळ एका रेषेत येतात. सायकलचं पायडल अगदी तळाला असताना त्यावर कितीही जोर देऊन उभं राहा, ते फिरत नाही. इथेही तेच आहे. वारा दिव्याला मागे ढकलतो, पण त्या ढकलण्याने क्रँक फिरत नाही. शिवाय चौकट रबरी टोपीच्या एका बोल्टवर येऊन टेकते, म्हणजे एकीकडून दांडी दाबते आणि दुसरीकडून रबर अडवतं. या दोघांच्या चिमटीत दिवा स्थिर राहतो.

ही चिमटी सैल झाली की थरथर सुरू होते. वाऱ्याचा जोर काही कमी नसतो. ताशी १०० किलोमीटरला उभ्या दिव्यावर साधारण दोन-अडीच किलो वजन टेकवल्याइतका दाब येतो, १३० ला तो चारच्या आसपास जातो. आणि ढिलाई दिसायला क्षुल्लक असली तरी उजेड ती मोठी करून दाखवतो. पिनेपासून ५ सेंटिमीटरवर जोडलेल्या दांडीत अर्धा मिलिमीटर प्ले (मोकळी हालचाल) असेल, तर दिव्याचा कोन अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बदलतो. २५ मीटरवर तोच झोत २५ सेंटिमीटर वर-खाली नाचतो.

आधी गाडीच हलत नाही ना?

हे तपासायला पाच मिनिटं लागतात आणि अर्धा दिवस वाचू शकतो. गाडी उभी, इंजिन आयडलवर आणि दिवे कापतायत, पण वेगात शांत होतायत, तर संशय इंजिनाच्या माउंटवर किंवा खडबडीत आयडलवर घ्या. थरथर फक्त १००-११० च्या पट्ट्यात येते आणि त्याच वेळी स्टिअरिंगही हलतं, तर चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या. ही हलकी गाडी त्या बाबतीत फार नाजूक आहे. छत नसलेल्या गाडीचा सांगाडा खराब रस्त्यावर थोडा पिळवटतोच, त्यामुळे अगदी नव्यासारखे दिवेही तिथे जरा हलतील. आपण शोधतोय ती हालचाल वेगळी: गाडी बंद, आणि हाताने ढकललं तर दिवा ‘टक्’ करतो.

सामान

१० चा पाना आणि सॉकेट, त्याला लांब एक्स्टेंशन. १२ चा जवळ असू द्या. दोन रुंद चपटे स्क्रू ड्रायव्हर. व्हर्नियर. मास्किंग टेप, पांढरं लिथियम ग्रीस किंवा सिलिकॉन ग्रीस, निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव), गंजावर मारायचं तेल, ब्रेक क्लीनर, रंगाचा मार्कर. स्टार स्क्रूसाठी साधा फिलिप्स वापरू नका. जपानी स्क्रूंची खाच जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाची असते, फिलिप्स त्यात तळापर्यंत बसत नाही, वर उचलला जातो आणि डोकं खाऊन टाकतो. जेआयएसचा दोन नंबरचा एक ड्रायव्हर घ्या, या गाडीवर जन्मभर पुरेल.

बुशचे संच बाहेरच्या उत्पादकांकडून मिळतात, बहुतेक डेल्रिनचे (एक टणक प्लास्टिक) किंवा पितळी. रोजच्या गाडीला डेल्रिन बरं. पितळ टिकतं, पण ग्रीस सुकलं की किरकिरतं.

हात घालण्याआधी

डॅशबोर्डवरच्या बटणाने दिवे वर घ्या, इग्निशन बंद करा, बॉनेट उघडा. मग इंजिनशेजारच्या मुख्य फ्यूजपेटीतला ‘रिट्रॅक्ट’ लिहिलेला ३० अँपिअरचा फ्यूज काढून खिशात टाका. बॅटरी बॉनेटखाली शोधत बसू नका, ती डिकीत उजव्या कोपऱ्यात आहे. तिची निगेटिव्ह तारही सोडा. हे टाळू नका. क्रँक आणि दांडीच्या मधे बोट असताना कुणी कुतूहलाने बटण दाबलं, तर मोटर बोटासाठी थांबत नाही.

आता दिवा वर-खाली करायचा तो हाताने. मोटरच्या टोकाला काळी रबरी टोपी आहे, तिच्याखाली नॉब. आत वर्म गिअर असल्यामुळे नॉबचे बरेच फेरे द्यावे लागतात. कंटाळा आला तरी दिवा धरून खाली दाबायचा नाही. त्यानेच दांडीचे बुश आणि गिअर मरतात. धुलाईवाले आणि लहान मुलं हा उद्योग नेहमी करतात.

बॉनेटची दिव्याजवळची कड आणि दिव्याच्या झाकणाच्या कडा मास्किंग टेपने झाका. बॉनेट अॅल्युमिनियमचं आहे, पाना निसटला की पोचा पक्का.

बोटाने निदान

एका हाताने दिव्याची चौकट दोन बाजूंनी धरून हलकेच मागे-पुढे करा. दुसऱ्या हाताचं बोट एकेका सांध्यावर असं ठेवा की अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्या भागावर येईल. जिथे प्ले असतो तिथे बोटाला बारीक टिचकी लागते. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला कळतं.

दिवा मागे-पुढे होतोय आणि दांडीच्या टोकाला टिचकी लागतेय, तर दांडीचे बुश गेले. सांधे गप्प आहेत, पण चौकट आणि रबरी स्टॉप यांच्यामध्ये कागद सहज सरकतो, तर नुसता स्टॉप जुळवायचा आहे. दिवा डावी-उजवीकडे डुलतो, तर पिनांचे बुश. चौकट दगडासारखी घट्ट आणि आतला काचेचा दिवा तेवढा हलतो, तर झोत जुळवायच्या स्क्रूंची प्लास्टिकची घरं तुटलीत किंवा दिव्याची रिंग सैल आहे. आणि फक्त वरचं रंगवलेलं झाकण खडखडत असेल, तर झाकणाचे बोल्ट आवळा आणि घरात जाऊन चहा घ्या.

मोटरच्या माउंटिंग बोल्टांवरही एकदा १० चा सॉकेट फिरवून बघा. ते सैल निघाले तर पुढचं बरंच काम वाचतं.

स्टॉप जुळवणं

बहुतेक गाड्यांचं दुखणं इथेच निम्म्याहून कमी होतं. म्हणून सगळे इथूनच सुरुवात करतात आणि इथेच चुकतात. स्टॉपचे बोल्ट दोन कामांचे असतात: एक दिवा वर आल्यावर अडवतो, दुसरा खाली गेल्यावर झाकण बॉनेटच्या पातळीत बसवतो. कोणता कुठला हे अंदाजाने ठरवू नका. नॉब फिरवून दिवा वर-खाली करा आणि कोणता बोल्ट कधी टेकतो ते बघून मार्करने खूण करा.

रबरी टोपी आधी तपासा. ती चिरलेली, कडक किंवा गायबच असेल तर ती बदलल्याशिवाय बोल्टला हात लावण्यात अर्थ नाही. नुसत्या लोखंडावर टेकलेला दिवा थरथरतोच, वर आवाज करतो.

नॉबने दिवा अगदी वरच्या टोकाला आणा, म्हणजे क्रँक आणि दांडी एका रेषेत दिसतील अशा जागी. चेक नट, म्हणजे बोल्टला जागेवर धरून ठेवणारा नट, सोडा. बोल्ट हाताने फिरवत रबर चौकटीला जेमतेम टेकवा: कागद सरकतो, पण ओढावा लागतो. तिथून पुढे पाव ते अर्धा फेरा, बस. बोल्ट धरून चेक नट आवळा, नाहीतर नटाबरोबर बोल्टही फिरतो आणि मेहनत पाण्यात जाते. आता नॉबने दिवा थोडा खाली नेऊन पुन्हा वर आणा. शेवटच्या टप्प्यात नॉब किंचित जड लागला पाहिजे आणि मधली रेषा ओलांडताना पुन्हा सैल झाला पाहिजे. अडकायला नको.

दीड-दोन फेरे आवळून दिवा खांबासारखा घट्ट करणारे असतात. दोन दिवस तो छान वाटतो. पण स्टॉप फार पुढे आला की क्रँक टोकापर्यंत पोहोचतच नाही. आतला कॉन्टॅक्ट मोटर बंद करत नाही, ती गुणगुणत राहते, तापते आणि शेवटी फ्यूज जातो. फ्यूज जाणं हे त्यातलं नशीब; मोटर जळाली तर खर्च वेगळाच. दिवे वर आल्यावर मोटरचा आवाज लगेच थांबला नाही, तर स्टॉप पाव फेरा मागे घ्या.

आणि दांडीत प्ले असताना स्टॉप आवळून तो झाकता येतो हे खरं, पण मग झिजलेला बुश एकाच बाजूने घासत राहतो आणि काही महिन्यांत थरथर दुप्पट होऊन परत येते.

दांडीचे बुश

खरा रोग इथे असतो. दांडीच्या टोकांना वाटीसारखे सांधे आहेत, आत प्लास्टिकचं अस्तर, म्हणजे बुश, आणि त्यात बसणारी गोळी. तीस वर्षांच्या उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने ते अस्तर आधी कडक होतं, मग त्याचा तपकिरी भुगा होतो. सांधा काढल्यावर असा भुगा हातात आला की निदान पक्कं.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जोडलेली असली की काय कुठे होतं हे बघायला नमुना समोरच असतो. काढण्याआधी मार्करने दांडीची वरची बाजू, क्रँकची जागा आणि मोटरच्या शाफ्टवरची रेघ करून ठेवा. क्रँक शाफ्टवरून काढायची गरज बहुधा पडत नाही. काढलाच, तर तो पूर्वीच्याच कोनात बसवावा लागतो, नाहीतर दिवा अर्धवट वर थांबतो.

नॉबने दिवा मधल्या उंचीवर आणा, म्हणजे दांडीवर ताण राहत नाही. दोन चपटे स्क्रू ड्रायव्हर सांध्याच्या समोरासमोरच्या बाजूंना घालून एकदम उचला. एकाच बाजूने उचकटलं तर वाटीची कड वाकते. गंज धरला असेल तर आदल्या रात्री तेल मारून ठेवा. सांधा सुटतो तो झटक्यात, म्हणून दुसऱ्याला दिवा धरायला सांगा किंवा खाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

जुनं अस्तर पूर्ण खरवडून काढा, वाटी आणि गोळी ब्रेक क्लीनरने पुसा. गोळीचा व्यास व्हर्नियरने दोन आडव्या दिशांनी मोजा. दोन मापांत ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर गोळीच लांबट झाली आहे. नवा बुश बसवूनही ती थोडी हलणारच, तेव्हा तो भागही बदलायच्या यादीत घ्या. गंजाचे बारीक खड्डे असतील तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल फिरवत घासा. कानस लावू नका.

नवा बुश आधी वाटीत, मग शेंगदाण्याएवढं ग्रीस, मग गोळी. पक्कड लावून एकदम दाबण्यापेक्षा लहान सी-क्लॅम्पने हळूहळू दाबा. घट्ट पण फिरणारा सांधा हवा: दांडी आडवी धरून सोडली तर स्वतःच्या वजनाने संथपणे खाली आली पाहिजे. धाडकन पडली तर सैल, अडून राहिली तर फार घट्ट.

काही जण मूळ दांडी काढून दोन्ही टोकांना रोझ जॉइंट (धातूचा गोळी-सांधा) असलेली, लांबी बदलता येणारी दांडी लावतात. उपाय चांगला आहे, फक्त जुन्या दांडीची मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी आधी मोजून घ्या आणि नवी अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळवा. दांडी बदलली की दिव्याची वरची उंची आणि खाली झाकण बसण्याची जागा दोन्ही एकदम बदलतात. वर जुळवलं की खाली झाकण बॉनेटच्या वर डोकावतं, खाली दाबलं की वर दिवा झुकतो. शनिवार गेलाच समजा.

बुश येईपर्यंत तात्पुरता इलाज म्हणून गोळीवर प्लंबरची पांढरी टेप चार-पाच वेढे गुंडाळता येते. आठवडा-दोन आठवडे निघतात.

‘झोपाळू डोळे’ हवेत म्हणून दिवे अर्धे उघडे ठेवणाऱ्यांनी इथे लक्ष द्यावं. अर्ध्यावर थांबलेला क्रँक रेषेत नसतो, चौकट स्टॉपवर टेकलेली नसते, आणि वाऱ्याचा सगळा जोर सरळ बुश आणि गिअरवर येतो. दिसतं झकास, पण थरथरीची तक्रार मग करू नये.

पिना

डावी-उजवी डुलणारी चौकट म्हणजे पिनांचे बुश किंवा त्यांच्या बाजूची फट. बोल्ट सोडण्याआधी बिजागरीच्या पट्ट्यांभोवती मार्करने बाह्यरेषा काढा. परत बसवताना झाकण बॉनेटच्या मधोमध आणण्यासाठी हीच रेघ उपयोगी पडते. पीन साफ करून बुश बदला, आणि नुसती बाजूची फट असेल तर अर्धा मिलिमीटरचे नायलॉनचे वायसर दोन्हीकडे सारखे घाला. एकाच बाजूला घातले तर दिवा सरकतो आणि खाली जाताना झाकणाची कड बॉनेटला घासते.

एम६ चे बोल्ट ८ ते १० न्यूटन-मीटरवर आवळले की पुरे. जुने बोल्ट याहून जास्त ओढले तर तुटतात, आणि तुटलेला तुकडा आत वेल्ड केलेल्या नटात अडकतो. थ्रेडलॉकचा एक थेंब लोखंडी आट्यांवर चालेल, प्लास्टिकजवळ नको. त्याने काही प्लास्टिकला तडे जातात. डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला ठीक, ग्रीस म्हणून नाही. दोन आठवड्यांत उडून जातं आणि धूळ ओढतं.

काचेचा दिवा आतच हलत असेल

समोरची काळी प्लास्टिकची चौकट काढली की दिवा धरणारी धातूची रिंग दिसते. रिंगचे छोटे स्क्रू वेगळे आणि झोत जुळवायचे लांब स्क्रू वेगळे. ही गफलत फार होते: लांब स्क्रू सोडले की झोत आकाशात. त्या लांब स्क्रूंची प्लास्टिकची घरं उन्हाने तडकलेली असतात, ती स्वस्त आहेत, दोन्ही बाजूंची एकदम बदला. दिवा सात इंची गोल असल्याने बाजारातले एलईडी दिवे सरळ बसतात, पण मागे मोठा धातूचा हीटसिंक असलेला जड दिवा घेतला तर नव्या बुशवरही जास्त भार येतो.

जोडणी आणि झोत

फ्यूज घालण्याआधी नॉबने दोन्ही दिवे एकदा पूर्ण वर-खाली करा. कुठे घासलं, अडलं तर ते हाताला कळेल. मोटर ते तुम्हाला सांगणार नाही, ती ओढत राहील. मग बॅटरी, मग फ्यूज, मग बटण पाच-सहा वेळा. दोन्ही दिवे एका वेळी वर पोहोचले पाहिजेत. एक मागे राहत असेल तर त्या बाजूचा सांधा फार घट्ट बसलाय किंवा ग्रीस कमी पडलंय.

स्टॉप किंवा दांडीला हात लागला म्हणजे झोत हललाच. सपाट जागा, टायरमध्ये हवा पुस्तकात दिलेली, म्हणजे २६ पीएसआय, चालकाच्या जागी कुणीतरी बसलेलं. भिंतीपासून १० मीटरवर गाडी लावा, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर टेपने आखा. लो बीमच्या उजेडाची वरची कड त्या रेघेपेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली हवी. नक्की किती हे त्या-त्या देशाच्या नियमाप्रमाणे बदलतं. जपानहून आणलेली युनोस अमेरिकेत किंवा दुबईत चालवत असाल, तर तिच्या झोताची चढती बाजू डावीकडे असते, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात. तिथे काच बदलावीच लागते.

शेवटी प्रत्येक चेक नटवरून बोल्टवर मार्करची एक रेघ ओढा. दोनशे किलोमीटरनंतर बॉनेट उघडून बघा. रेघ तुटलेली दिसली तर तो नट फिरलाय, आणि नवा बुश बसून जागा झाल्यामुळे पहिल्यांदा तो बहुधा वरच्या स्टॉपचाच असतो. पाव फेऱ्याने भागतं.